फ्रेमवाल्या काकांना, त्या खुर्चीबद्दल

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं चारचौघांसमोर लिहावं लागतंय. जुलैतला दिवस, दुपारचे दोन वाजलेले, बाहेर मुंबईच्या काळा घोडा भागात समोरचं माणूस दिसू नये असा पाऊस. जहांगीर आर्ट गॅलरीच्या एका दालनात तुम्ही फरशीवर उकिडवे बसून एका मोठ्या चित्राच्या पाठीत लाकडी पाचरी ठोकत होतात. तेवढ्यात ओली छत्री निथळवत एक म्हातारे गृहस्थ आत आले आणि त्यांच्यामागून त्यांची वैतागलेली मुलगी. ती मुलगी मी.

आधी कबुली देते. आम्ही चित्रं बघायला आलोच नव्हतो. अप्पांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. त्या दिवशी तपासणी होती, आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं त्यांना सोलापूरला परत जायचं होतं. मधला वेळ काढायचा कुठं? डोंबिवलीला जाऊन पुन्हा सीएसएमटीला येण्यात काही राम नव्हता. जहांगीरला तिकीट नसतं, हे मला कॉलेजपासून ठाऊक. तेव्हा तिथं समोवार नावाचं कॅफे होतं आणि चहाच्या एका कपावर तास काढता यायचा. २०१५ साली तेही बंद झालं. म्हणून चहा बाहेर टपरीवर घेतला आणि आत शिरलो.

दाराशी चित्रकर्तीचं इंग्रजी निवेदन लावलेलं होतं. रंग, स्मृती, स्मृतींचे थर, थरांमधलं मौन, असं बरंच काही. असला मजकूर वाचला की मला कंटाळा येतो आणि चित्रांबद्दल उगाच आकस बसतो, हा माझा दोष. अप्पांनी विचारलं, "काय लिहिलंय गं?" मी म्हटलं, "लहानपणच्या आठवणी रंगांत काढल्यात म्हणे." त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली. घर नाही, झाड नाही, माणूस नाही. नुसते रंग.

"मग आठवणी कुठायत?"

मी हसले. तुमचं ठोकणं थांबलं. तुम्ही उठलात, अभिप्रायाच्या वहीजवळची प्लॅस्टिकची लाल खुर्ची उचललीत आणि पलीकडच्या भिंतीवरच्या निळ्या चित्रासमोर आणून ठेवलीत. सरळ नाही, जरा तिरकी, दिव्याची चकाकी डोळ्यांवर येणार नाही अशी. "बसा. पाय दुखत असतील." एवढंच. चित्राबद्दल चकार शब्द नाही.

अप्पांचे गुडघे खरंच दुखत होते. ते बसले. आणि एकदा बसलेल्या माणसाला समोरचं बघण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. मी एकटी असते तर त्या अख्ख्या दालनाला पाच मिनिटांत प्रदक्षिणा घालून बाहेर पडले असते.

तुम्हाला ते आधी चित्रकार समजले होते. म्हणून "साहेब, हे काढायला किती दिवस लागले?" असं अदबीनं विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी नाही हो काढलं. मी फ्रेम करतो, कॅनव्हास ताणतो. पावसाळी हवेनं ढिला पडलाय, म्हणून बाईंनी बोलावलं." त्यानंतर अप्पा तुम्हाला मिस्त्री म्हणायला लागले. तुम्हाला कदाचित साहेबावरून खाली उतरल्यासारखं वाटलं असेल, म्हणून सांगते: आमच्या घरी मिस्त्री हा वरचा शब्द आहे. अप्पा स्वतः ३८ वर्षं चादरीच्या कारखान्यांतून डाइंगला होते. लोक त्यांना रंगमास्तर म्हणायचे, आणि त्यांना साहेब म्हणून हाक मारलेली आवडायची नाही.

मग तुम्ही दोघं कापडावर आलात. तुम्ही जे चित्र भिंतीला टेकवून ठोकत होतात, त्याची पाठ आमच्याकडे होती. अप्पा खुर्चीतूनच वाकले. "हे डक आहे की. ताण्याला दोन-दोन धागे, बाण्याला एक." तुम्ही म्हणालात, "कॉटन डकच." डक म्हणजे जाडं सुती कापड. मग त्यांनी विचारलं, रंग कापडात मुरतो कसा? तुम्ही सांगितलंत की मुरू द्यायचाच नसतो. आधी प्रायमरचे हात द्यायचे, त्यावर रंग बसतो. अप्पांचा चेहरा उतरला. "म्हणजे नुसता वर बसतो? आमच्याकडं याला कच्चं काम म्हणतात, मिस्त्री."

ते बोलले ते खरंच होतं. त्यांच्या कामात रंग सुताच्या आत जायला हवा. मी लहान असताना कारखान्यात नॅप्थॉलचा लाल रंग चालायचा. पहिल्या टाकीतून लड्या निघायच्या त्या मळकट पिवळ्या. पिळून दुसऱ्या टाकीत बुडवल्या की बघता बघता लाल भडक. दुसरी टाकी गार ठेवायला बर्फ लागायचा. भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या हातगाडीवरून यायच्या. त्या आत जायच्या आधी अप्पा मला एक तुकडा फोडून द्यायचे. ती थंडी आणि त्या वाफेचा घशात बसणारा वास, दोन्ही माझ्या डोक्यात लाल रंगाला चिकटलेली आहेत. शाळेतल्या पोरी अप्पांच्या नखांना हसायच्या. एका आठवड्यात लाल, दुसऱ्या आठवड्यात हिरवी. त्या बोटांनी ते वरणभात कालवायचे.

तुम्ही वाद घातला नाहीत. तुम्ही ते चित्र थोडं पुढं ओढलंत आणि पाठीवरचा एक भाग दाखवलात. तिथं निळ्याचा ओघळ कापडातून आरपार आला होता. "इथं बाईंनी प्रायमर मारलाच नाही. कोऱ्या कापडावर पातळ रंग ओतलाय." अप्पांनी हात पुढं केला, मग मागं घेतला. लांबूनच बघून म्हणाले, "हं. हा पक्का."

नंतर मी वाचलं. न्यूयॉर्कची हेलन फ्रँकेन्थेलर टर्पेंटाइननं पातळ केलेला तैलरंग जमिनीवर अंथरलेल्या कोऱ्या कॅनव्हासवर ओतायची. तिनं हे सुरू केलं १९५२ साली. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ बांधून दिलेली तुमची ही गॅलरीही त्याच साली उघडली. योगायोगच, पण अप्पांना फोनवर सांगितला. त्यांना त्याहून जास्त आवडलं होतं ते तुम्ही जाता जाता सांगितलेलं: चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, आधी बनारसला, मग मुंबईत. "म्हणजे आमच्यातलेच की," असं ते अजून म्हणतात. बरव्यांचं एकही चित्र त्यांनी पाहिलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या लक्षात आली का, मला माहीत नाही, कारण तुम्ही पुन्हा कामाला लागला होतात.

अप्पा त्या निळ्या चित्रासमोर बसून एक डोळा मिटायचे, मग तो उघडून दुसरा मिटायचे. चारेक फुटांचं चित्र. वरचा बहुतेक भाग निळा, पण सरळ निळा नव्हे, मोरपंखीकडं झुकणारा. खाली बोटभर मोहरीच्या रंगाची पट्टी, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं काठ नाही, दोन्ही रंग एकमेकांत विरलेले. मी म्हटलं, "अप्पा, डोळ्यात काही गेलं का?" ते म्हणाले, "उजव्यानं बघितलं की मोरपंखी. डाव्यानं बघितलं की मेंदी कालवल्यासारखं."

डॉक्टरांनी हे आम्हाला सांगितलं होतं. वय वाढतं तशी डोळ्यातली भिंगं पिवळी पडतात, निळा प्रकाश अडवतात. पण हे इतकं सावकाश होतं की ज्याचं त्याला कळत नाही. ऑपरेशनमध्ये जुनं भिंग काढून स्वच्छ भिंग बसवलं की त्या डोळ्याला निळं एकदम लख्ख दिसायला लागतं. आम्ही ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. घरी पांढऱ्या भिंतीवर त्यांनी एकदा असंच डोळे मिटून पाहिलं होतं, तेव्हा मी "डोळा चोळू नका" म्हणून ओरडले होते.

तुम्हीही एक डोळा मिटून बघितलंत. "मला दोन्हीकडनं सारखंच दिसतंय हो," म्हणालात. अप्पा हसले. मग हसू मावळलं आणि ते तुमच्याकडं बघून बोलायला लागले, माझ्याकडं नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मोरपंखी चादरींचा एक अख्खा लॉट परत आला होता, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. शेड नेहमीपेक्षा निळी गेली होती. मालकाच्या मुलानं सगळ्यांसमोर सांगितलं, मास्तरांचा हात गेला. दिवाळीच्या आत अप्पांनी काम सोडलं. आम्हाला घरी एवढंच माहीत होतं की गुडघे दुखतात म्हणून सोडलं.

"शेडकार्ड, रंगाचा नमुना, घेऊन खिडकीपाशी जायला पाहिजे होतं," अप्पा म्हणाले. "पोरांना मीच शिकवलं होतं, ट्यूबखाली शेड लावायची नाही, उत्तरेच्या उजेडात लावायची. पण मोरपंखीला कार्ड कशाला? तीस वर्षं डोक्यात होता. डोक्यातला मोरपंखी तरण्या डोळ्यांनी बघितलेला होता, मिस्त्री, आणि टाकीतला बघत होतो या पिवळ्या डोळ्यांनी. टाकीतला मला हिरवट दिसायचा. म्हणून मी निळा वाढवत गेलो."

तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. मला वाटलं, आता तुम्ही म्हणणार, जाऊ द्या हो, झालं गेलं. मी तेच म्हणणार होते. तुम्ही विचारलंत, "किती वाढवलात?"

अप्पांनी आकडे सांगितले. सुताच्या वजनाला निळा किती टक्के, पिवळा किती, नेहमी किती आणि त्या लॉटला किती. ते आकडे त्यांना पाठ होते. इतकी वर्षं ते रोज रात्री तो लॉट मनात पुन्हा रंगवत असणार, चूक कुठं झाली ते शोधत. तुम्ही बोटांवर काहीतरी मोजलंत आणि म्हणालात, "मग हात बरोबरच होता तुमचा. बघणं चुकलं." अप्पा म्हणाले, "आणि माजही नडला." तुम्ही म्हणालात, "तो तर सगळ्यांनाच नडतो," आणि पुढची पाचर उचललीत.

काका, त्या दोन वाक्यांसाठी हे पत्र आहे. मी त्यांची मुलगी, महिनाभर त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होते. तो प्रश्न मला सुचला नसता. मी समजूत घालायला गेले असते आणि ते गप्प बसले असते.

चित्रकर्ती जेवून आल्या तोवर साडेतीन वाजले होते. तुम्ही त्यांना सांगितलंत, "हे सोलापूरचे रंगमास्तर, पाऊण तास या एका चित्रासमोर आहेत." त्यांना आनंद झाला. त्या चित्रामागची आठवण सांगायला लागल्या, आजोळची पावसाळ्यातली विहीर की असंच काहीतरी. अप्पांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना त्यांचा लॉट सापडला होता, विहिरीचं काय करायचं? मग त्यांनी वहीत लिहिलं. मी मागून वाचलं. वरच्या ओळीत कुणीतरी इंग्रजीत लांबलचक कौतुक केलं होतं. त्याखाली अप्पांचं सुबक, जुन्या वळणाचं अक्षर: "रंग पक्का आहे. धुतला तरी जाणार नाही." खाली सही, आणि सहीपुढं "डाइंग, सोलापूर". नोकरी सोडल्यापासून त्यांनी नावापुढं काही लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता एक तक्रार, आणि तिला थोडे तुम्हीही जबाबदार आहात. अप्पा डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायला तयार नाहीत. म्हणतात, एक जुना राहू दे की, नाहीतर दोन रंग कसे दिसणार? मी त्यांना घाबरवायला म्हणून सांगायला गेले की क्लोद मोने या मोठ्या फ्रेंच चित्रकारानं १९२३ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं आणि डाव्याचं शेवटपर्यंत केलं नाही. झालं उलटंच. "बघ की," म्हणाले, "त्याला कळत होतं."

बऱ्याच ओढाताणीनंतर दिवाळीनंतरची तारीख घेतलीय. अट एकच: आदल्या दिवशी जहांगीरला जायचं आणि ते निळं चित्र दोन्ही डोळ्यांनी शेवटचं बघायचं. तिथं आठवड्याला प्रदर्शन बदलतं, ते चित्र कधीच उतरलं असेल, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते कुठं गेलं हे तुम्हाला माहीत असेल, कारण उतरवताना आणि बांधताना तुम्हीच असणार. कुणी विकत घेतलं असेल तर असो. बाईंकडंच असेल आणि त्यांची हरकत नसेल, तर अर्ध्या तासासाठी अप्पांना घेऊन येईन.

आणि हो, निघताना गाडीच्या घाईत ती लाल खुर्ची मी जागेवर ठेवली की चित्रासमोरच तशी राहिली, काही आठवत नाही. राहिली असेल तर तेवढं माफ करा.

तुमची,
सोलापूरच्या रंगमास्तरांची मुलगी