चौथ्या आराखड्याविषयी

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

कादंबरीच्या मुखपृष्ठाचे चारही आराखडे मिळाले. भिंतीवर ओळीने लावून दोन दिवस येता-जाता ते पाहिले आणि मगच लिहायला बसलो आहे. चौथ्यावर तू सर्वांत जास्त मेहनत घेतली आहेस, हे कुणालाही दिसेल. तरीही माझे मत पहिल्याच्या बाजूचे आहे.

पहिल्या रेखाटनात पाठमोरी मुलगी, तिच्या हातातला कंदील आणि समोर रिकामी नदी, एवढेच होते. ती कुणाची तरी वाट पाहते आहे, हे सांगायला तेवढे पुरेसे होते. दुसऱ्यात होडी आली, तिसऱ्यात पलीकडचे गाव आणि चंद्र, चौथ्यात पक्ष्यांचा थवा. यातली प्रत्येक गोष्ट कादंबरीत आहे, हे मान्य. पण मुखपृष्ठाने कथानक सांगायचे नसते, वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा करायचा असतो. होडी दिसली की येणारा आला, आणि प्रश्न तिथेच मिटला. शिवाय चंद्र उगवल्यामुळे कंदिलाचे महत्त्व गेले. चित्रात उजेडाची जागा एकच असली तर डोळा थेट तिथे जातो. दोन असल्या की तो घुटमळतो. चौथा आराखडा काडेपेटीएवढा करून पाहा. मला त्यात करड्या ठिपक्यांखेरीज काही ओळखता आले नाही, पहिल्यातला कंदील मात्र तेवढ्या आकारातही जळत होता. आज बहुतेक वाचक पुस्तक प्रथम फोनच्या पडद्यावर त्याच आकारात पाहतात.

आता शीर्षकाविषयी, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. चित्र पूर्ण करून मग उरलेल्या आभाळात तू अक्षरे बसवली आहेस. देवनागरी अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, तर खाली उकार लागतात, त्यामुळे रोमन अक्षरांच्या अंदाजाने सोडलेली जागा आपल्याला कमी पडते. तुझ्या शीर्षकाच्या पहिल्या ओळीतला उकार दुसऱ्या ओळीच्या मात्रेला जवळजवळ टेकला आहे, आणि पक्ष्यांपैकी एक नेमका अनुस्वारासारखा दिसतो! अक्षरे संगणकावरच्या तयार टंकातली न घेता त्याच ब्रशने, त्याच हाताने काढ. शिरोरेषा नदीच्या काठाशी समांतर ठेवलीस तर अक्षरे आणि चित्र एका घरातली वाटतील.

रात्रीच्या निळ्या रंगाबाबत विशेष सावध राहा. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात आणि कागदावरचे शाईचे, म्हणून पडद्यावरची सगळी झळाळी निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार रंगांच्या छपाईत उतरत नाही. त्यातही निळसर शाईच्या जवळपास बरोबरीने किरमिजी शाई पडली की निळा रंग जांभळ्याकडे झुकतो. फार वर्षांपूर्वी मी असेच एक निळे मुखपृष्ठ केवळ पडद्यावर पाहून छपाईला सोडले होते. गठ्ठे उघडले तेव्हा प्रत्येक प्रत जांभळी होती, आणि लेखिकेचा उतरलेला चेहरा मला आजही आठवतो. किरमिजीचे प्रमाण बरेच खाली ठेव आणि रंगीत प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, हातात घेतल्याशिवाय होकार देऊ नकोस. वर मॅट लॅमिनेशन, म्हणजे न चमकणारा पातळ पापुद्रा, चढणार असेल तर गडद रंग आणखी मंदावतात, तेव्हा मुलीच्या केसांतले बारीक तपशील आत्ताच थोडे उजळ हवेत.

पुस्तकाच्या कण्याची, म्हणजे कपाटात दिसणाऱ्या पाठीची, रुंदी अंदाजाने धरू नकोस. २४० पृष्ठे म्हणजे १२० पाने, कागद ०.१ मिलीमीटर जाडीचा असेल तर आतला गठ्ठाच १२ मिलीमीटरचा होतो, आणि कागद बदलला की हा आकडाही बदलतो. छापखान्याकडून नेमके माप मागून घे. चारही बाजूंना कापणीसाठी ३ मिलीमीटर चित्र जास्त लागेल, हे तुला ठाऊक आहेच.

पहिल्या रेखाटनातली एक गोष्ट मात्र बदल. मुलीचे दोन्ही खांदे एका पातळीत आहेत. कंदील उंच धरला की तो खांदा वर उचलला जातो आणि मान किंचित दुसरीकडे कलते. एवढ्याने ती नुसती उभी न वाटता अंधारात काही शोधणारी वाटेल.

नवे रेखाटन मूळ मापात पाठव. ते छापून, घडी घालून तेवढ्याच जाडीच्या पुस्तकावर चढवतो आणि कपाटात इतर पुस्तकांच्या मध्ये ठेवून कसे दिसते ते कळवतो.

तुझे,
बाबा