देवबागच्या पडवीतलं घड्याळ आणि मालवणचे काका

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र मालवणला येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. पण घड्याळ नीट करून दिल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धाच कप घेतलात, तेव्हा निदान तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळू दे म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालू नको असं तुम्हीच बजावलंत, त्यामुळे नुसतं ‘काका’. टेलिफोन एक्सचेंजमध्ये उभी हयात घालवलेले काका, एवढं सांगितलं तरी मालवणात निम्म्या लोकांना कळेलच, त्याला माझा इलाज नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं घड्याळाबद्दल. आमच्या पडवीत चार मोठ्या लाल आकड्यांचं एक घड्याळ आहे, मी आणि लेकीनं घरी जोडलेलं. लाकडी पेटीत एक अर्डुइनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड), वेळ सांभाळायला डीएस१३०७ ही आयसी, म्हणजे चिप, आणि तिच्या पायांना जोडलेला जेमतेम ८ मिलिमीटरचा नळीसारखा क्रिस्टल. हा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, आणि तोच आपला सेकंद. आमचं घड्याळ मात्र महिन्याला दीडएक मिनिट मागे पडायचं. दीड मिनिटानं काय होतंय, असं म्हणणारे बरेच भेटले. वाडीतली माणसं एस.टी.ला निघताना आमच्या पडवीत डोकावतात. वर्षाला अठरा मिनिटं मागे पडलेलं घड्याळ बघून निघालं, तर गाडी केव्हाच तारकर्लीच्या पुढे गेलेली असते.

सल्ले भरपूर मिळाले. कुणी म्हणालं क्रिस्टल बदला, कुणी म्हणालं ट्रिमर लावा, म्हणजे क्रिस्टलची चाल फिरवून बारीक कमी-जास्त करता येईल. बहुतेकांचं मत होतं की वायफायची चिप घाला, म्हणजे घड्याळ इंटरनेटवरून आपोआप वेळ लावून घेईल. त्यात चूक काही नाही. पण पावसाळ्यात आमच्याकडे आधी वीज जाते, पाठोपाठ नेटवर्क जातं, आणि ते परत कधी येईल ते टॉवरलाच ठाऊक. मधल्या काळात घड्याळाला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे, असं मला अजूनही वाटतं.

तुम्ही मात्र सोल्डरिंग गनला हातही लावला नाहीत. पेटीकडे बघून एवढंच विचारलंत, “मागे पडता तां कळलां गो. पण रोज तेवढांच पडता काय?”

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. तुम्ही वही घालायला लावलीत. रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी आकाशवाणीचे वेळेचे पिप वाजतात, शेवटच्या पिपला घड्याळातला सेकंद बघायचा आणि फरक लिहायचा. तोही जुन्या ट्रान्झिस्टरवर, मोबाइलच्या ॲपवर नाही. ॲपवरचा आवाज इंटरनेटवरून फिरून येतो, कधी कमी उशिरा, कधी जास्त, आणि आपण भलत्याच उशिराशी घड्याळ ताडून बघत बसतो. डिशवरच्या टीव्हीचंही तेच. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. वहीत शेवटचा रकाना तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहिलात: ‘लाइट किती वेळ गेली’. तेव्हा लेक हसली होती. विजेचा इथे काय संबंध? आयसीला खाली सेल आहे, वीज गेली तरी ती चालतेच.

तो रकानाच शेवटी बोलला. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की आमच्याकडे तासन् तास वीज नसते, आणि नेमक्या त्याच दिवशी घड्याळ कमी मागे पडलेलं दिसायचं. वीज दिवसभर टिकली की तीन सेकंदांच्या आसपास, अर्धा दिवस गेली की त्याहून बरंच कमी. वही बघितल्यावर तुम्ही पेटी उघडलीत आणि चालू घड्याळातल्या ७८०५ रेग्युलेटरच्या, म्हणजे व्होल्ट कमी करून देणाऱ्या भागाच्या पत्र्यावर बोट टेकवून लगेच उचललंत. मग तेच बोट क्रिस्टलच्या नळीवर ठेवलंत. दोघांत जेमतेम एका पेराचं अंतर. १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधून ५ व्होल्ट काढताना मधले ७ व्होल्ट तो रेग्युलेटर नुसते उष्णतेत घालवतो. आकड्यांना २०० मिलिअँपिअर लागत असतील तर जवळपास दीड वॉट उष्णता, तीही बंद पेटीत.

मागच्या कोऱ्या पानावर तुम्ही मांडलेला हिशेब मी जपून ठेवलाय. असा क्रिस्टल २५ अंशांना सर्वांत नीट चालतो. त्यापेक्षा गरम झाला तरी मंद आणि गार झाला तरी मंद. किती मंद, तर २५ पासून जितके अंश दूर, त्याचा वर्ग करायचा आणि ०.०३४ नं गुणायचं, की दहा लाखांत किती भाग चुकला ते कळतं. पेटीत ४५ अंश धरले तर वीसचा वर्ग ४००, म्हणजे साधारण साडेतेरा भाग. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणून दिवसाला एक सेकंद चुकणं म्हणजे दहा लाखांत साडेअकरा भाग. तेव्हा रोजचा जवळपास सव्वा सेकंद नुसता त्या रेग्युलेटरच्या शेजारामुळे! वीज गेली की पेटी निवते, आयसी सेलवर चालत राहते आणि क्रिस्टल पुन्हा आपल्या चालीवर येतो. उरलेली चूक मूळ क्रिस्टलची. दहा लाखांत वीस भाग इकडेतिकडे असलेला क्रिस्टल बाजारात चांगलाच समजला जातो. पण ती चूक रोज सारखी, म्हणून निरुपद्रवी. जी चूक रोज तेवढीच होते ती प्रोग्रॅममध्ये वजा करता येते, हलणारी चूक करता येत नाही. ट्रिमर फिरवून हे कधीच साधलं नसतं.

रेग्युलेटर पेटीबाहेर मागच्या बाजूला गेला, पेटीला खालून-वरून भोकं पडली, आणि वहीतले आकडे रोज एकसारखे यायला लागले.

मग पाऊस लागला. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कर्लीची खाडी, आणि मध्ये आमची चिंचोळी वाडी. इथे लोखंडी बिजागरी टिकत नाही, तर तांब्याच्या रेषा काय टिकणार! जुलैत घड्याळ पुन्हा मनमानी करू लागलं. तुम्ही भिंग लावून दाखवलंत: क्रिस्टलच्या दोन पायांच्या मधोमध सोल्डरिंगच्या वेळचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो) पिवळट चिकट होऊन बसलेला, आणि त्याच्या कडेला हिरवट झाक. त्या वाटेनं जाणारा प्रवाह मुळातच इतका क्षीण, की ओल्या खाऱ्या मळीतून थोडीशी गळती झाली तरी चाल बदलते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन तुम्ही ती जागा हळूहळू घासलीत, बोर्ड बल्बखाली सुकवलात, मग वरून लॅकरचा हात दिलात. लेकीला मल्टिमीटरची टोकं तिथे लावून बघायची होती, तर तुम्ही तिचा हात धरलात. तिथे काहीही टेकवलं की त्यानंच चाल बिघडते, मोजायचंच असेल तर आयसीच्या एक सेकंदाच्या पल्सवाल्या पायावर मोज, म्हणालात.

जुन्या आयसीच्या जागी डीएस३२३१ ही आयसी घालायचा सल्ला तुम्ही यानंतर दिलात, आधी नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. ही आयसी दर ६४ सेकंदांनी स्वतःचं तापमान बघते आणि त्याप्रमाणे चाल सावरते. ० ते ४० अंशांत तिची चूक दहा लाखांत दोन भागांच्या आत, म्हणजे वर्षाला मिनिटभर. सगळे तिच्या या गुणाचीच तारीफ करतात. तुमचं म्हणणं निराळं होतं. किनाऱ्यावर हवा काही दिल्लीसारखी खालीवर होत नाही, तापमानाचं आपण साध्या क्रिस्टलवरही भागवलं असतं. आपल्याला हवाय तो तिच्या पोटातला क्रिस्टल. तो आयसीच्या आतच बंद असतो, खारं वारं त्याच्या पायांपर्यंत पोचतच नाही. कोकणात घड्याळ करणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकावं असं मला वाटतं.

डीएस३२३१चं मॉड्यूल, म्हणजे ती आयसी आणि सेलची जागा असलेला तयार छोटा बोर्ड, आलं तेव्हा त्यावरचा एक छोटा रेझिस्टर तुम्ही आधी उपटलात, तेही इथे लिहून ठेवते. तो ठेवला तर ५ व्होल्टवर मॉड्यूल सेलला चार्ज करत राहतं, आणि साधा सीआर२०३२ हा चार्ज करायचा सेलच नव्हे, तो फुगतो. उरलेला बारीक फरक आयसीतल्या एजिंग नावाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे चाल सावरायचा आकडा ठेवायच्या जागेत, गेला. एक पायरी म्हणजे दहा लाखांत साधारण एक दशांश भाग. धन आकडा टाकला की घड्याळ मंद, ऋण टाकला की जलद. लेकीला आधी हे उलटं वाटलं होतं. आत क्रिस्टलवरचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) वाढतो म्हणून चाल कमी होते, हे तुम्ही समजावल्यावर आता ती सगळ्यांना समजावत सुटलीय.

आता पिप आणि सेकंद एकत्र पडतात. शेजारच्या आजोबांचा तरी अजून विश्वास नाही. बारा वाजता सावली पायाखाली यायला हवी, ती येत नाही, म्हणजे घड्याळ पुढे आहे, असं त्यांचं म्हणणं. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आपण त्याच्या नऊ अंश पश्चिमेला, म्हणून आपली माध्यान्ह सरासरी बारा वाजून छत्तीस मिनिटांनी. हे त्यांना मी सांगून बघितलं. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.

जुना बोर्ड टाकलेला नाही, त्यावर लेकीचे प्रयोग चालू आहेत. तिनं उपग्रहांवरून वेळ घेणारं जीपीएसचं मॉड्यूल मागवलंय, त्याच्या दर सेकंदाच्या पल्सशी दोन्ही घड्याळं ताडून बघायची आहेत. ॲन्टेना पत्र्याच्या छपराखाली चालेल की अंगणात काढावी लागेल, याबद्दल तिची आणि माझी वादावादी चाललीय. रविवारी सवड असेल तर या, जेवायलाच या. तिसल्या मिळाल्या तर तिसल्या, नाहीतर सोलकढी-भात आहेच.

तुमची,
देवबागची लेक