दोष तुझ्या सोल्डरिंगचा नव्हता

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय बंडू,

आधी महत्त्वाचं सांगतो, मग बाकीचं. आपल्या ड्रोनची, म्हणजे चार मोटरींच्या क्वाडची, तीन नंबरची (मागची उजवी) मोटर उशिरा सुरू होत होती, त्यात तुझ्या सोल्डरिंगचा काहीएक दोष नव्हता. दिवाळीत तुझ्या शेतावर क्वाड तिसऱ्यांदा मागच्या उजव्या अंगावर कलंडला, तेव्हा काकांच्या देखत मी म्हणालो होतो, "ड्राय सोल्डर असणार, टाका कच्चा राहिला, घाई केलीस." तू काही बोलला नाहीस. सोल्डर गनची वायर गुंडाळलीस आणि पिशवीत ठेवून दिलीस. ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी चुकलो होतो, बंडू. कसा चुकलो हे तुला नीट कळावं म्हणून पत्र लिहितोय. फोनवर हे धड सांगता आलं नसतं, आणि तूही "जाऊ दे रे" म्हणून विषय बदलला असतास.

परत आल्यावर महिनाभर यंत्र कपाटावर पडून होतं. मी मात्र डोक्यात तेच घोळवत होतो. तिथे शेतावर मी रोल-पिचचा पी गेन, म्हणजे यंत्राचा मेंदू असलेल्या केके बोर्डाने कल किती जोराने सावरायचा तो आकडा, ५० वरून ८० वर नेला होता, आठवतं ना? कलंडणं थांबलं नाहीच, उलट हवेत चार बोटं उचलला की थरथरायला लागला. मग आपण बॅटरी पुढे सरकवली, पाती बदलली, पायांखाली पोतं घातलं. एवढं सगळं केलं, पण पाती काढून चारही मोटरी एकदा शांतपणे सुरू करून पाहिल्या नाहीत. ते मी इथे आल्यावर केलं. चारही प्रॉप काढले आणि फ्रेमचे पाय स्वयंपाकघरातल्या स्टुलाला केबल टायने बांधले. आर्म केलं, म्हणजे मोटरींना फिरायची मुभा दिली, आणि रिमोटवरची थ्रॉटलची (वेगाची) स्टिक केसभर, केसभर वर नेली. एक, दोन आणि चार एकाच वेळी फिरायला लागल्या. तीन नुसती उभी. स्टिक आणखी जराशी वर गेली तेव्हा ती जागी झाली. पाच-सहा वेळा करून पाहिलं, प्रत्येक वेळी तेवढाच उशीर. ड्राय सोल्डर असता तर मोटर अडखळली असती, झटके देत जागच्या जागी हलली असती, कधी चालली असती, कधी नाही. ही मात्र सुरू झाली की गुळगुळीत फिरत होती. तिला फक्त सुरुवात कुठून करायची हेच वेगळं शिकवलेलं होतं.

तरी मी अंदाजावर थांबलो नाही. एकदा अंदाजाने बोललो आणि तुझं मन दुखावलं, तेवढं पुरे होतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. आधी बोर्डावर तीन आणि चार नंबरच्या सिग्नलच्या पिना अदलाबदल केल्या. उशीर तरीही मागच्या उजव्या मोटरलाच. म्हणजे केके बोर्डाचं आउटपुट ठीक. मग पिना जागेवर लावल्या आणि बुलेट कनेक्टर सोडवून चार नंबरची मोटर तीनच्या ईएससीला (बोर्डाच्या हुकमाप्रमाणे मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटला) जोडली, तीनची मोटर चारच्या ईएससीला. आता मागची डावी उशिरा सुरू झाली आणि मागची उजवी वेळेवर! म्हणजे खोट त्या ईएससीबरोबर फिरत होती. तीन नंबरची मोटर, तिचे तुझ्या हातचे तिन्ही बुलेट, सगळं निर्दोष. पॉवरचे टाकेही पाहिले. मोटर फिरत असताना दोन्ही ईएससींच्या लाल-काळ्या तारांवर मीटर लावला, दोन्हीकडे १२.१ व्होल्ट. तुझे टाके चकचकीत आहेत, बंडू, एकाही ठिकाणी राखाडी रंग धरलेला नाही. भिंगातून पाहिले.

आता तो ईएससी आला कुठून ते आठव. ऑगस्टमध्ये आधीचा जळला म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून तसाच ३० अँपिअरचा दुसरा आणला होता. यंत्र पुन्हा उघडायचा कंटाळा आला म्हणून तो एकटाच, थेट रिमोटच्या रिसीव्हरला जोडून, घरी कॅलिब्रेट केला, म्हणजे थ्रॉटलचं शून्य कुठे आणि पूर्ण कुठे हे त्याला शिकवलं, आणि मग फ्रेमवर चढवला. बाकीचे तिघे आपण गणपतीच्या आधी बोर्डामार्फत एकत्र केलेले होते. त्यानंतर तू इथे आलास, आणि बोर्ड काही केल्या आर्म होईना. तूच रिसीव्हर टेस्टचा स्क्रीन उघडलास, स्टिक तळाला असूनही थ्रॉटल शून्यावर येत नाही हे पाहिलंस आणि म्हणालास, "अरे, थ्रॉटलची ट्रिम वर गेलीय." ती ट्रिम, म्हणजे स्टिकचं शून्य किंचित वर-खाली सरकवणारी कळ, खाली घेतलीस, बोर्ड आर्म झाला, आपण खूश. पण ती ट्रिम वर असतानाच मी नवा ईएससी कॅलिब्रेट केला होता! उत्तर तू तेव्हाच हातात दिलं होतंस, मला दिसायला जानेवारी उजाडला.

किती फरक पडला ते मोजायला आर्डुइनो (छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड) घेतला आणि रिसीव्हरच्या थ्रॉटल चॅनलचे पल्स वाचले; पल्स जितका लांब, तितका थ्रॉटल जास्त. ट्रिम मध्यावर असताना स्टिक तळाला १००० मायक्रोसेकंदांच्या आसपास. ट्रिम तेवढीच वर नेली तर १०५६. म्हणजे तीन नंबरच्या ईएससीच्या डोक्यात शून्य म्हणजे १०५६, पूर्ण म्हणजे २०५६, आणि बाकी तिघांच्या डोक्यात १००० ते २०००. ५६ मायक्रोसेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण बोर्ड चौघांना १५०० सांगतो तेव्हा तिघं ५० टक्के समजतात आणि हा ४४. त्यात पात्याची उचल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात कमी-जास्त होते, त्यामुळे त्या कोपऱ्यातला जोर या आकड्यांपेक्षाही बराच जास्त घटतो. हवेत असता तर जायरो (यंत्र कुठे कलतंय ते सांगणारा सेन्सर) बघून बोर्डाने ते सांभाळलं असतं. जमिनीवर सांभाळायला जागाच नसते. तीन पाय उचलतात, चौथा मातीत टेकलेला, आणि दुरुस्ती होईपर्यंत पातं ढेकळात. पी गेन वाढवून मी बोर्डाला फक्त जास्त घाबरट केलं. चार ईएससी एका भाषेत बोलत नसतील तर गेनला हात लावण्यात अर्थ नाही, हे माझं आता पक्कं मत झालंय.

आणखी एक गोष्ट वाचताना नीट समजली, ती तुला आवडेल. प्रत्येक ईएससी पल्स किती लांबीचा आहे हे स्वतःच्या घड्याळाने मोजतो, आणि स्वस्त ईएससींची घड्याळं एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. एकाचे १००० दुसऱ्याच्या मोजणीत थोडे पुढे-मागे येतात. म्हणून नुसते आकडे जुळवून भागत नाही. ज्या बोर्डाकडून त्यांना रोज हुकूम मिळणार, त्याच बोर्डाकडून, चौघांना एकत्र, किमान आणि कमाल दाखवून द्यावी लागते. नव्या बोर्डांत हुकूम पाठवायची डीशॉट नावाची पद्धत असते, तिच्यात ही भानगडच उरलेली नाही. तिथे थ्रॉटल पल्सच्या लांबीवरून मोजावा लागत नाही, थेट आकडा जातो. पण आपला केके असेपर्यंत हे करावंच लागणार.

तर काल रात्री केलं. पाती काढलेली होतीच, तरी दोनदा हात फिरवून खात्री केली. तुझ्या अंगठ्यावरचा व्रण मी विसरलेलो नाही. कॅलिब्रेशनला स्टिक पूर्ण वर ठेवूनच बॅटरी जोडायची असते, आणि तेव्हा दहा इंची पातं लावलेलं असलं तर काय होईल याचा विचारही करवत नाही. ट्रान्समीटर (रिमोट) चालू, ट्रिम मध्यावर, स्टिक वर. बोर्डाची पहिली आणि चौथी बटणं दाबून धरली आणि आईला म्हटलं, "आता तू बॅटरीचा प्लग लाव." तिने लावला. चौघांनी सुरुवातीची धून वाजवली, आणि मी क्षणभर जास्त थांबलो. दोन छोटे बीप होऊन गेले होते, माझं लक्ष बटणांवर होतं. पाचेक सेकंद गेले आणि सूर बदलला, ईएससी प्रोग्रामिंगमध्ये शिरले. तिथे चुकून स्टिक हलली तर ब्रेक, टायमिंग, कटऑफ, काहीही बदलू शकतं. म्हणून स्टिकला हात न लावता प्लग काढायला लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या वेळी डोळे मिटून फक्त ऐकलं. धून, मग 'पीप-पीप', त्याच क्षणी स्टिक सरळ तळाला. तीन छोटे बीप, बॅटरीचे तीन सेल म्हणून, आणि मग एक लांब. बंडू, तो लांब बीप चौघांचा मिळून एकच वाजला. आतापर्यंत नेहमी एक आवाज किंचित मागे रेंगाळायचा, शेपटीसारखा, आणि आपण त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. आई म्हणाली, "झालं वाटतं." तिलासुद्धा कळलं!

बटणं सोडली, बॅटरी काढली, पुन्हा लावली, आर्म केलं. स्टिक केसभर वर. चारही मोटरी एकदम फिरल्या. मी दहा वेळा करून पाहिलं. मग पी गेन परत ५० वर आणला आणि बॅटरी स्टोरेजला, म्हणजे सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवली, आणि बराच वेळ नुसता खिडकीत उभा राहिलो.

इथे उडवणार नाही. विमानतळ किती जवळ आहे तुला माहीत आहे, आणि पोलिसांचे मनाईचे आदेशही निघत असतात. आपलं यंत्र २५० ग्रॅमच्या वर आणि दोन किलोच्या आत आहे, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे मायक्रो वर्गात. तुझं शेत ग्रीन झोनमध्ये (वेगळी परवानगी न घेता उडवता येतं त्या भागात) येतं का हे सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर मी पाहून ठेवतो, नोंदणीचंही मी बघतो. शिवाय दोन दिवसांवर संक्रांत. सगळीकडे मांजा लोंबत असेल, तो मोटरच्या शाफ्टला गुंडाळला तर संपलंच. म्हणून २५ तारखेच्या शनिवारी पहाटेच्या एसटीने निघतो, कल्याण, माळशेज, आळेफाटा. दुपारपर्यंत संगमनेरला. विहिरीजवळच्या तुकड्यात नांगरट झाली असेल तर खळ्यावरची सपाट जागा झाडून ठेव. ढेकळांवर पहिलं उड्डाण नको.

पाती मी आणतो, दोन सुलट फिरणारी, दोन उलट, आणि एक जोडी जास्तीची. तुझी सोल्डर गन मात्र पिशवीतून बाहेर काढून ठेव. मागच्या डाव्या मोटरची एक तार मी अदलाबदलीत ओढली आणि तिचं इन्सुलेशन थोडं सोललं गेलंय. ती मला तुझ्याच हातून करून हवी आहे, आणि काकांसमोर.

काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अन्या

ता.क. थ्रॉटलच्या ट्रिमवर इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवलीय. लाल. काढू नकोस.