दहावीसाठी तिचा फुटबॉल थांबवू नका

पोर्टलंड, ओरेगन

ती. दादा आणि सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

दहावी होईपर्यंत पोरीचा फुटबॉल बंद, असं दादा फोनवर म्हणाला. आईसमोर मला वाद घालायचा नव्हता, म्हणून लिहिते आहे.

इथं ऑलिव्हिया मोल्ट्री नावाची फुटबॉल खेळाडू आहे. मूळची कॅलिफोर्नियाची. अकराव्या वर्षी तिला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची शिष्यवृत्ती चालून आली होती. २०१९ मध्ये, तेराव्या वर्षी, ती वाट सोडून तिनं नाइकीशी करार केला आणि अख्खं घर तिच्यासाठी इकडे राहायला आलं. इथल्या थॉर्न्स या व्यावसायिक महिला संघाबरोबर ती सराव करायची. क्रिस्टीन सिंक्लेअर, कॅनडाची तेव्हाची कर्णधार, तिच्याहून बावीस वर्षांनी मोठी, त्याच मैदानात! पण लीगचा सामना आला की ही बाहेर. अठरा पूर्ण झाल्याशिवाय करार नाही, असा नियम.

पुरुषांच्या लीगमध्ये असा नियमच नव्हता. फ्रेडी अडू नावाचा मुलगा तिथं २००४ मध्ये चौदाव्या वर्षी खेळला होता. हेच म्हणणं घेऊन ऑलिव्हिया मे २०२१ मध्ये कोर्टात गेली. या वयातली वाया गेलेली वर्षं पुढे भरून निघत नाहीत, हे न्यायाधीशांना पटलं आणि त्याच महिन्यात नियमाला तात्पुरती मनाई मिळाली. जूनअखेर करार झाला, जुलैत ती मैदानात उतरली. पंधरा वर्षांची, तोवरची लीगमधली सर्वांत लहान खेळाडू. पुढच्या वर्षी गोल केला. आता देशाच्या संघातूनही खेळते.

तेराव्या वर्षी कंपनीशी करार करणं मला स्वतःला पटत नाही. अडूची तर लोकांनी थेट पेलेशी तुलना केली, आणि पुढे तो पोर्तुगाल, फ्रान्स, ग्रीस, तुर्कस्तान असा क्लबमागून क्लब फिरत राहिला. एवढ्या कोवळ्या खांद्यांवर कुणी इतकं ओझं टाकू नये. आपल्या पोरीनं शाळा सोडावी असं मी कधीच म्हणणार नाही. शाळा हवीच. पण रोजचा सराव दीड वर्ष तुटला तर तिच्या पायातलं जाईल ते कोण आणून देणार?

आणि दादा, तुझा थोरला मुलगा नववी-दहावीत तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांबरोबर आपल्या कोल्हापुरातल्या गांधी मैदानावर जायचा तेव्हा तू स्वतः बघायला उभा राहायचास. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की त्याचा क्लासही बुडायचा. तेव्हा दहावी कुणी काढली नव्हती. मग हिलाच का?

वहिनी, तिचा गणिताचा क्लास संध्याकाळऐवजी सकाळी होतो का, तेवढं विचारा. फीचं मी बघते. मोठ्या मुलींबरोबर सराव मिळाला तर उत्तमच, नाहीतर मुलांबरोबर खेळू द्या, बिघडत नाही.

रविवारी मी फोन करेन. दादा, त्याआधी तू तिच्याशी बोल, आणि मग फोन तिच्याच हातात दे.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी