दचकणं वेगळं, मोरो वेगळा

मा. संपादक, स. न. वि. वि.

‘रिफ्लेक्स इंटिग्रेशन’ने, म्हणजे तान्हेपणीच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर ठरावीक हालचालींनी काम करण्याच्या पद्धतीनं, मनावरचे आघात बरे होतात, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मी लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीजवळच्या गावात आठ वर्षांची पोर होते. रात्री गणपती बोळवून सगळे गाढ झोपलेले, ३.५६ला भूकंपानं माळवद खाली आलं. आजीनं ओढून काढलं. पुढचे दोन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये गेले. सर आली, पत्रा वाजला, की आम्ही पोरं भिजत बाहेर. आजही जड ट्रकनं तावदानं थरथरली की माझा हात आधी दाराच्या कडीकडे जातो. अंगात भीती मुरते, हे मला कुणी सांगायला नको.

पण मोठ्यांचं दचकणं म्हणजे ‘परत आलेला मोरो’, हे लेखातलं विधान खटकलं. तान्ह्या बाळाचं डोकं जरा मागं सोडलं की ते हात फाकवतं आणि कवटाळल्यासारखे जवळ घेतं, तो मोरो रिफ्लेक्स. चार-सहा महिन्यांत तो जातो. त्यानंतरही टिकला तर आम्ही सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडल्याच्या, शंकेनं तपासतो. दचकणं मात्र जन्मभर सोबत असतं. दोघांची एक मोट बांधायला आधार नाही.

या पद्धतीच्या एक प्रवर्तक स्वेतलाना मास्गुतोवा यांनी १९८९मध्ये रशियात उफाजवळच्या रेल्वे दुर्घटनेतून वाचलेल्या मुलांसोबत काम केलं. गळक्या वायुवाहिनीच्या स्फोटात दोन गाड्या सापडून पाचशेवर माणसं गेली होती. आमच्या शेडमध्ये असं कुणी येऊन बसलं असतं तर! फक्त, मुलं सावरतात ती त्या ठरावीक हालचालींमुळे की रोज तेच मायेचं माणूस येतं म्हणून, हे वेगळं काढून दाखवणारा भक्कम पुरावा अजून नाही. लेखात हे एका ओळीत तरी यायला हवं होतं.

कारण गेल्या महिन्यात एक आई दीड वर्षाचा मुलगा घेऊन आली. अजून बसत नव्हता. एका खासगी केंद्रात रिफ्लेक्सच्या चाळीस सत्रांचे पैसे आगाऊ भरून सहा महिने गेले होते. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी, व्यायाम सगळं मोफत असतं, म्हटलं. तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. अंगणवाडीत आलेल्या पथकानं तिला तिथलीच चिठ्ठी दिली होती, मूल नऊ महिन्यांचं असताना.

– एक वाचक, लातूर