सूचना : ठासणीच्या बंदुकीत कोणती दारू भरावी

खानापूर-जांबोटी भागातील सर्व परवानाधारक सभासदांना कळकळीची विनंती. काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरही भरू नका, काळ्या दारूत मिसळूही नका. दाब इतका चढतो की नळी फुटते; हात जातो, डोळा जातो.

चकमकीच्या बंदुकीला काळी दारूच बरी, ठिणगीसरशी पेटते. पायरोडेक्सला (काळ्या दारूऐवजी वापरायची तयार दारू) पेटायला जास्त उष्णता लागते, म्हणून ते टोपीच्या (स्फोटक टोपीवर घोडा आपटून पेटणाऱ्या) बंदुकीतच वापरावे आणि वजनाने नव्हे, मापाने भरावे.

काजळी दोन्हींची वाईटच. ती ओल धरते आणि कणकुंबीकडच्या पावसाळी हवेत नळी बघता बघता गंजते. बार काढल्यावर, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, त्याच दिवशी नळी कोमट पाण्याने धुवा, कोरडी पुसा, मग तेल लावा.

दारू परवानाधारक दुकानातूनच घ्या, पावती जपा.