सूचना : रविवारची बैठक आणि अडकलेली पुस्तकं

सभासदांनो, इतिहास वाचन गटाची बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता, नौपाड्यात नेहमीच्या जागी. विषय वसईची मोहीम. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. तोच ठाण्याचा किल्ला १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचं कारागृह झालं. रोज त्या भिंतीवरून बस जाते, आपण मोबाईलमध्ये.

कादंबरी वाचून येणाऱ्यांचंही स्वागत, पण ‘अप्पा असं म्हणाले’ म्हणताना ते पत्रात आहे की लेखकाच्या मनात, एवढं पाहून या. मागच्या वेळी त्यावरून चहा गार झाला. शेवटची संदर्भसूची उलटायला दोन मिनिटं लागतात, आणि लेखकाने बखरीवर (मागाहून रचलेल्या कथनावर) भिस्त ठेवली की दप्तरांतल्या मूळ कागदांवर, ते तिथेच कळतं.

गटाची चार पुस्तकं गणपतीपासून बाहेर आहेत. कोणाकडे ते मला ठाऊक आहे, नाव घेत नाही. एकात पानाची खूण म्हणून लोकलचं तिकीट होतं, ते राहू दे. पुस्तक तेवढं आणा.

चहा आहे. खायचं कोणीतरी बघा.